बोट ठेव, मग तेल

अंक काढणारे दोघं जण घरी आले आणि म्हणाले, नाना, तुमच्या तेलाबद्दल लिहून द्या. मी म्हटलं, मी चौथीपर्यंत गेलेला माणूस, तेही मास्तर ओळखीचे होते म्हणून. ते म्हणाले, बोलता तसं लिहा. तर बोलतो तसं लिहितोय. शुद्धलेखन सून बघणार आहे. त्यापलीकडे तिनं काही बदललं तर मला कळेल, हे तिलाही सांगून ठेवलंय.

पहिली गोष्ट. आमच्या तेलानं कोणाचंही दुखणं बरं झालेलं नाही. ज्यांनी जन्मभर ते लावलं त्यांना हे वाचून राग येईल, येऊ द्या. तेलानं दुखणं उतरतं. माणसाला झोप लागते, सकाळी उठून दोन पावलं चालता येतं, आणि तेवढ्यात अंग आपलं आपण सुधारून घेतं. बरं करतं ते अंग. आम्ही त्याला सवड काढून द्यायचो. हे बोलणं माझं नाही, दुरपताचं आहे. दुरपता माझी बायको. मागच्या पोळ्याच्या आधी गेली. या लिखाणात शहाणपणाचं जे सापडेल ते तिचं धरा, आणि जे टोचेल ते माझं.

मी सोनगीरचा. आमच्याकडे तांब्या-पितळेची भांडी घडवतात. आम्ही घडवणारे नव्हतो, मी नुसता डोक्यावर घेऊन बाजार करणारा. यावलच्या बाजारात एकदा हंडे उतरवताना पाठ अशी धरली की वाकलो तो वाकलेलाच राहिलो. शेजारी एक म्हातारी मुळ्या-पाला घेऊन बसायची. तिनं तिच्या पोरीला सांगितलं, याला तेल लाव. पोरीनं तेल हातात घेतलं आणि मला विचारलं, "कुठी दुखते? बोट ठिव." मी म्हटलं, पूर्ण पाठ दुखस, बोट कोठे ठेवू? ती म्हणाली, "मंग नही लावत." आणि बाटली खाली ठेवली.

अशी आमची ओळख. शेवटी कंबरेच्या वर डाव्या बाजूला जागा सापडली, बोट ठेवलं, तेल मिळालं. लग्नात मी सोनगीरची तांब्याची मोठी कढई नेली, आतून कल्हई केलेली. तेलाची रीत तिनं आणली. मी सोनगीरकडची अहिराणी बोलायचो, ती यावलकडची बोली. मी "कोठे" म्हणायचो, ती "कुठी". यावरून आम्ही जन्मभर भांडलो.

आता धंदा काय होता ते सांगतो. ऐंशी सालानंतर आम्ही जळगावजवळ पिंप्राळ्याला राहायला आलो. तेव्हा ते गावच होतं, शेतं होती, आजच्यासारख्या कॉलन्या नव्हत्या. बांधांवर निरगुडी माजलेली असायची. निरगुडी म्हणजे पाच बोटांसारख्या पानांचं झुडूप, चोळलं की उग्र वास येतो. तिच्या पाल्याचा रस, तिळाचं तेल, लसूण, ओवा, शेवटी कापूर. एवढंच. यात कसलंही गुपित नाही, कोणीही करावं. लोकांचं चुकतं ते जाळात. जाळ मोठा केला की तेल करपतं, लहान ठेवला तर रसातलं पाणी तेलात राहतं आणि आठ दिवसांत बाटलीतून घाण वास येतो. पाणी गेलं का हे कळायला दुरपता कापसाची वात त्या तेलात बुडवून पेटवायची. वात तडतडली की पाणी आहे. गुपचूप जळली की कढई उतरवायची. तडतडणाऱ्या वातीचं तेल तिनं कधी बाटलीत भरू दिलं नाही. मी म्हणायचो, जरासंच तडतडलं. ती म्हणायची, "तुमच्या डोक्याले लावा मंग."

आणखी एक रीत. पाला तोडायच्या आदल्या संध्याकाळी ती झाडाला आवतण द्यायची. बुंध्याशी हळद-तांदूळ ठेवायचे आणि म्हणायचं, उद्या येते बाई, तुझा पाला नेणार आहे, फलाण्या गावच्या लोकांची अंगं दुखताहेत. लोक आपल्या घरच्या लग्नाला जसं बोलावतात, तसं. मला आधी हसू यायचं. पण आवतण दिलं की रात्रीतून मन बदलता येत नाही, सकाळी उठून जावंच लागतं. त्यामुळे आमच्याकडे शिळा पाला कधी कढईत गेला नाही. याचा फायदा झाडाला होता का माहीत नाही, तेलाला होता.

आणि सगळ्यात मोठी रीत बोटाची. दुकान म्हणजे यावलच्या बाजारात जमिनीवर एक पोतं, त्यावर बाटल्या. गिऱ्हाईक आलं की दुरपता आधी म्हणायची, बोट ठेव. एकाच जागी एकच बोट ठेवलं, दाबलं की माणूस "हाय" म्हणाला, तर तेल. गुडघा, कोपर, मनगट, मान, असली दुखणी. ज्याला बोट ठेवता येत नाही, जो अख्खा पंजा ठेवतो, किंवा ज्याचा हात एका जागी थांबत नाही, छातीवरून पोटावर, पोटावरून पाठीवर फिरतो, त्याला तेल नाही. दवाखाना. मग तो सरपंच असो नाहीतर आमचा व्याही. यावलचे लोक टिंगल करायचे, की ही बाई तेल विकायला बसते का नाकारायला. मलाही कधी कधी तसंच वाटायचं. पण तिच्या आईनं तिला हेच शिकवलं होतं, की अंगाच्या वरचं दुखणं बोटाला सापडतं, आतलं सापडत नाही, आणि आतल्याशी आपला संबंध नाही.

या रीतीच्या गमतीही खूप. एकदा एक सासूबाई गुडघा धरत आल्या, सोबत सून. दुरपतानं विचारलं, "अक्का, कुठी दुखते? बोट ठिवा." म्हातारीनं बोट उचललं आणि सुनेच्या खांद्यावर ठेवलं. म्हणाली, "हे आठीसन सुरू व्हते." म्हणजे इथूनच. बाजार हसला. सून बिचारी पदर तोंडाला लावून उभी. दुरपता हसली नाही. तिनं सुनेला विचारलं, "तुहं कुठी दुखते?" सुनेनं कंबरेवर बरोब्बर एका जागी बोट ठेवलं. कापूस वेचून वेचून ज्यांची कंबर जाते त्यांची जागा तीच असते. दुरपतानं एकच बाटली दिली. म्हणाली, "दोघींत एक. सुनेनं सासूच्या गुडघ्याले लावायचं अन् सासूनं सुनेच्या कंबरेले. ज्या दिवशी एकीनं लावलं नही, त्या दिवशी दुसरीनंही लावायचं नही." पुढच्या बाजाराला दोघी आल्या त्या बाटली संपवूनच. बोलत नव्हत्या एकमेकींशी, पण बाटली संपली होती.

पिंप्राळ्याला यायच्या आधी आम्ही सोनगीरला बसायचो, तिथं मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रकवाले थांबायचे. एक सरदारजी आला, लांबून फुटबॉलसारखा उड्या मारत. "माताजी, दर्द बहुत है." बोट ठेवा म्हटल्यावर तो लाजला. "उंगली कहाँ रखूँ, माताजी, सब देख रहे हैं." दुरपताला सगळं कळलं. ती उठली आणि त्याच्या ट्रकपाशी गेली. मला म्हणाली, वर चढा अन् गादी दाबून बघा. मी बसलो तो तिथूनच ओरडलो. गादीची स्प्रिंग तुटून वर आलेली होती. ती त्याला म्हणाली, "भाऊ, बोट त्या गादीवर ठिव." गादीवाला शेजारीच होता. सरदारजी पुढं जेव्हा जेव्हा त्या रस्त्यानं जाई तेव्हा भोंगा वाजवून जाई. तेल त्यानं कधी घेतलं नाही.

हे सगळं गंमत म्हणून सांगितलं. आता हिरामणचं सांगतो, कारण आमचं तेल, आमचं नाव आणि एका माणसाचा जीव, सगळं त्या एका वेळी पणाला लागलं होतं.

हिरामण यावलकडच्या केळी वाहणाऱ्या टोळीतला. बागेत घड कापला की तो खांद्यावर घ्यायचा, पाटाच्या चिखलातून, सऱ्यांमधून चालत रस्त्यावर उभ्या ट्रकपर्यंत न्यायचा. परत यायचं, दुसरा घड. घडाला धक्का लागला तर केळं काळं पडतं, मग मुकादम शिव्या देतो. म्हणून पाय घसरला तरी माणसानं आपण पडायचं, घड पडू द्यायचा नाही. केळीच्या चिकानं हिरामणच्या सदऱ्याचा उजवा खांदा कायमचा काळा. बायको शेवंता म्हणायची, यांना लांबून ओळखायला सोपं आहे.

त्याचा उजवा खांदा धरला. दुरपता म्हणाली, "बोट ठिव." त्यानं सांध्याच्या टोकावर नेमकं ठेवलं. "हात वर कर." हात कानापर्यंत गेला आणि अडकला. ती म्हणाली, "तेल देते. रोज शेक, वाळू गरम करून पुरचुंडीत बांधायची. अन् घड डाव्या खांद्यावर घे, तोही हलका. पुरता महिना."

"माय, केळी महिनाभर थांबतीन का? पिकून जातीन."

"केळी नही थांबल्या तर तू पिकशीन."

हसत गेला. तेलानं थोडं उतरायचं, तो पुन्हा घड उचलायचा, पुन्हा चढायचं. मुकादमानं सांगितलं, उचलणार असशील तर ये, नाहीतर तुझ्या जागी माणूस उभा आहे. खरंच उभा होता.

त्याच हंगामात यावलच्या बाजारात एक जीप यायला लागली. टपावर भोंगा. आत एक जाकीटवाला बसायचा, स्वतःला वैद्य म्हणवायचा, जंगलातल्या दुर्मिळ जडीबुटीच्या पुड्या विकायचा. भोंग्यावर चालू असायचं, एका पुडीत कंबर, दुसऱ्या पुडीत गुडघा. बोट ठेवायचं नाही, काही विचारायचं नाही. आणि पुडी लागू पडायची हो. हे खरं आहे. माणूस पुडी पाण्याबरोबर घ्यायचा आणि दुपारी उड्या मारायचा. आम्हाला कळेना, आमच्या बापजाद्यांना न सापडलेली ही कुठली मुळी.

एका बाजाराला हिरामण आमच्या पोत्यासमोर येऊन उभा राहिला. दोन्ही हात सरळ आभाळाकडे केले.

"देखा नाना. एक पुडी. तुमच्या तेलानं मह्या गोधडीले डाग पडले, बाकी काही नही."

लोक हसले. माझ्या अंगाची आग झाली. मी काही बोलणार तर दुरपतानं मला गप्प केलं आणि त्याला विचारलं, "दुखणं गेलं का लपलं रे?"

"मले काय करायचं माय? घड उचलते ना."

त्या दिवसापासून आमचं पोतं ओस पडलं. गिऱ्हाईक आमच्यासमोरून मान वळवून भोंग्याकडे जायचं. सासू-सून जोडीही गेली. एक दिवस तो जाकीटवाला स्वतः आमच्याकडे आला. मांडी घालून बसला, माझ्याशी गोड बोलायला लागला. म्हणाला, नाना, या भागात नाव तुमचं आहे, पुडी माझी आहे, दोघं मिळून करू. तुमच्या हातानं दिली तर म्हाताऱ्याही विश्वासानं घेतील.

दुरपता बाटल्या पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचं कुठी दुखते, भाऊ? बोट ठिवा."

तो हसला. "माझं काहीच दुखत नाही, ताई."

"मंग आमच्याकडी काय काम आहे? उठा, गिऱ्हाईकाची जागा आहे."

जागा भरायला गिऱ्हाईक नव्हतं, तरी तिनं त्याला उठवलं.

पावसाळा उतरला तोवर हिरामण सुधारलेला दिसायला लागला. गाल भरले. लोक म्हणायचे, पुडीनं माणसानं बाळसं धरलं. दुरपता त्याला लांबून बघायची आणि मला म्हणायची, "हे गाल जेवणाचे नहीत. हातपाय काडीसारखे अन् तोंड भाकरीएवढं, असं कुठी असते का?" तिला कारण माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

मग तो दिवस. बाजार भरला होता, ऊन वर आलं होतं. शेवंता हिरामणला धरून घेऊन आली. तो वाकून चालत होता. आमच्या पोत्यावरच बसला आणि म्हणाला, "माय, पाठीत चमक मारून राह्यली. तेल लाव."

बाटली माझ्या हातात होती. दुरपता म्हणाली, "बोट ठिव."

त्यानं बोट मागं पाठीवर नेलं. तिथून काढलं, बरगडीखाली आणलं. मग बोट गेलं आणि अख्खा पंजा पोटाच्या वरच्या बाजूला बसला. तिथंही थांबेना. ओठ पांढरे पडले होते, कपाळावर घाम. दुरपतानं त्याच्याकडे वाकून विचारलं, "परसाकडे काळं होते का? डांबरासारखं?"

भर बाजारात हा प्रश्न. हिरामणनं मान खाली घातली. शेवंता म्हणाली, "कालपासून."

दुरपतानं माझ्या हातातून बाटली घेतली आणि बूच लावलं. भोवती माणसं जमली होती. त्यातला एक म्हातारा म्हणाला, "लाव ना बाई थोडं. तुमचंच तेल मागून राह्यला तो. एवढी कसली अकड?" बाकीचेही म्हणायला लागले, लावा, लावा. कोणी तर म्हणालं, पुडीवाल्याचा राग गरिबावर काढतात. हिरामणलाही तेच वाटलं. तो तिच्याकडे बघून म्हणाला, "माय, राग धरला का तू? मी तिकडी गेलो म्हणून?"

"धरला," दुरपता म्हणाली. "तो उद्या सांगीन. आज गाडीत बस."

केळीचा एक ट्रक भरून जळगावला निघायच्या बेतात होता. ड्रायव्हर नको म्हणत होता. दुरपता ट्रकच्या पुढच्या चाकाजवळ जाऊन उभी राहिली. त्यानं केबिनचं दार उघडलं. हिरामणला आत आडवं केलं, शेवंता त्याच्या डोक्याशी, दुरपता पायाशी. मी मागं घडांवर. आमचं पोतं, बाटल्या, सगळं तिथंच जमिनीवर राहिलं. निघताना दुरपतानं एकच काम केलं. हिरामणच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला, तिथं पुड्या होत्या, त्यातली एक पदराच्या टोकाला बांधली.

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टर आधी आमच्यावरच खेकसले. म्हणाले, बाजारातलं काय खायला घातलंत याला? दुरपतानं गाठ सोडून पुडी पुढं केली. "आम्ही तेलवाले साहेब. आमचं अंगाच्या बाहीरून असते. हे त्यानं आतून घेतलं." डॉक्टरांनी पुडी कागदावर ओतली, बोटानं पसरली, बघितली. मग त्यांचा आवाज उतरला. म्हणाले, असल्या पुड्या आम्ही आधी तपासून पाहिल्यात, यात जडीबुटी नावालाच असते. दुखण्याच्या गोळ्या कुटून घातल्यात, वर सूज उतरवायचं जालीम औषध. यानं रोज खाल्लं असेल. पोटात जखम झालीय, आत रक्त वाहतंय. गाल त्याच औषधानं फुगलेत.

आणि म्हणाले, संध्याकाळपर्यंत तेल चोळत बसला असतात तर हा हाती लागला नसता.

रक्त चढवलं. हिरामण जगला.

तो जाकीटवाला पकडला गेला असं लिहायला मला आवडलं असतं. नाही गेला. त्या दिवसानंतर यावलला दिसला नाही, एवढंच. दुसऱ्या तालुक्यात भोंगा वाजत असणार. त्याची चीड अजून आहे. गोळ्या वाईट नव्हत्या, डॉक्टर हिशेबानं देतात तेव्हा त्याच गोळ्या माणसाला उठवून बसवतात. त्यावर जंगलाचं नाव टाकून आंधळेपणानं वाटणं हे वाईट. आणि त्यानं आमच्या झाडांचं नाव खराब केलं, ज्यांना आम्ही आवतण देऊन बोलवायचो.

हिरामण खाटेवर उठून बसायला लागल्यावर दुरपतानं सांगितल्याप्रमाणे राग सांगितला. पूर्ण वॉर्ड ऐकत होता. तिचा आवाज चांगला होता. तो उशीत तोंड घालून ऐकत राहिला आणि सगळं झाल्यावर म्हणाला, "माय, संपलं का? का पाणी पिऊन पुन्हा सुरू करती?" ती म्हणाली, "पाणी दे."

घड उचलणं त्याचं कायमचं गेलं. खांदा तेलानं आणि सवडीनं हळूहळू सुटला, हात कानाच्या वर गेला, पण टोळीत परत जाणं नव्हतं. दुरपतानं त्याला आमच्या पाल्याचं काम दिलं. यावलकडे जंगलाच्या कडेला निरगुडी उत्तम, ती तो तोडून आणायचा. झाडाला आवतण द्यायला आधी लाजायचा. म्हणायचा, माय, झाडाशी काय बोलू, लोक देखतीन. ती म्हणायची, पुडीशी बोलायले लाजला नव्हता. मग शिकला. इतका शिकला की त्याचं आवतण तिच्यापेक्षा लांबायला लागलं, झाडाला घरची खुशाली सांगायचा.

आणि गिऱ्हाईक परत आलं. कसं आलं सांगू? लांबूनच बोट पुढं करून. गुडघेवाला गुडघ्यावर बोट टेकवत लंगडत यायचा, मान दुखणारा मानेवर बोट ठेवून. विचारायच्या आधीच जागा दाखवायचे. ती सासू-सूनही आली. यावेळी सासूनं बोट स्वतःच्याच गुडघ्यावर ठेवलं. दुरपता तोंडातल्या तोंडात हसली, मी पाहिलं. ज्यांना तिनं परत पाठवलं आणि दवाखान्यात ज्यांचं वेळेवर निभावलं, असे किती होते हे आम्ही मोजलं नाही. तेल दिलेल्यांपेक्षा न दिलेल्यांची ती जास्त चौकशी करायची, एवढं आठवतं. आमच्या धंद्यात तेल करणारे खूप होते. तेल नाकारणारी ती एकटी. आज हे लिहिताना मला जेवढा ताठा वाटतो तेवढा तेव्हा वाटला नाही, तेव्हा पोतं आवरायची घाई असायची.

पिंप्राळ्याचे बांध गेले, कॉलन्या आल्या. निरगुडी आता कोणाच्या तरी बंगल्याच्या कुंपणाला चुकून दिसते. मुलगा नोकरीत आहे, त्याला तेलाचा वास आवडत नाही, त्याचं काही चुकीचं नाही. कढई आहे. कल्हई उडालीय.

आता शेवटचं. गेल्या वर्षी दुरपताची पाठ दुखायला लागली. ती म्हणाली, "तेल लावा हो जरा." मी सवयीनं, चेष्टेनंच म्हटलं, "बोट ठेव."

तिनं हात मागं नेला. बोट ठेवलं नाही. पंजा ठेवला. मग तो खाली सरकला, मग बाजूला. मग हात काढून मांडीवर घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. ज्या बाईनं जन्मभर लोकांचे हात बघितले तिला स्वतःचा हात कळणार नाही का? मला म्हणाली, "चला. पिशवी भरा."

कॅन्सर होता, हाडांत पसरलेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, मला स्पष्ट सांगितलेलं आवडतं. त्यांच्या गोळ्यांनी तिचं दुखणं आवाक्यात राहिलं, त्या गोळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. मी डॉक्टरांना विचारलं, तेल लावलं तर चालेल का? ते म्हणाले, पाठीला नको. तळपायांना लावा, त्यांना बरं वाटत असेल तर. मी हिरामणला निरोप पाठवला, पाला आला, कढई मी एकट्यानं चढवली. पहिल्या दिवशी तळपायाला हात लावणार तर ती म्हणाली, "वात तडतडली का?"

"नाही."

"जराशीही नही?"

"नाही गं."

"मंग लावा."

रोज लावलं. तिला झोप लागायची. आमच्या तेलाचं काम तेवढंच होतं आणि तेवढं ते करत होतं.

ती गेल्यावर लोक भेटायला येत होते. हिरामण यावलहून एसटीनं आला. आता त्याचेही केस पांढरे झालेत. दारात बसला. सून त्याला म्हणाली, "काका, नाना सारखं अंग दुखतंय म्हणतात, जेवत नाहीत. तुम्ही तरी तेल लावून द्या." त्या कढईतली एक बाटली फळीवर उरली होती. हिरामणनं ती काढली, बूच उघडलं, तळहातावर घेणार तेवढ्यात थांबला.

"नाना, बोट ठिवा."

मी गुडघ्यावर ठेवलं. तिथं नव्हतं. खांद्यावर नेलं, तिथंही नव्हतं. मग पंजा छातीवर आला, तिथून कुठं न्यावा ते कळेना. हात फिरत राहिला. हिरामण बघत होता. त्यानं बूच लावलं, बाटली परत फळीवर ठेवली.

"हे तेलाचं काम नही, नाना," तो म्हणाला आणि माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसला. दिवेलागणीला त्याची शेवटची एसटी होती, ती त्यानं जाऊ दिली.

दुसऱ्या दिवशी सुनेनं मला दवाखान्यात नेलं, कारण रीत म्हणजे रीत. छातीचा कागद काढला, ईसीजी म्हणतात तो. डॉक्टर म्हणाले, काही नाही, सगळं ठीक आहे.

बाटली अजून फळीवर आहे. आमचं तेल, आमचं घर, आणि मला ते मिळालं नाही. एवढी पक्की रीत लावून गेलेली बाई होती माझी.